शंभर टक्के, पण किती जणांतले?



गेल्या आठवड्यात आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एका शाळेचा फलक फिरत होता. 'पाचवी शिष्यवृत्ती परीक्षा, निकाल १०० टक्के.' खाली हार घातलेल्या मुलांचे फोटो. सगळ्यांनी अभिनंदन लिहिले, फुले टाकली. मीही टाकली. शाळा माझ्या नातवाचीच. तोही पाचवीतच. पण त्याचा फोटो त्यात नव्हता, कारण तो परीक्षेला बसलाच नव्हता.

सूनबाईला विचारले, तर ती म्हणाली, "आई, बाईंनी मला बोलावून सांगितलं, त्याची तयारी कमी आहे, यंदा फॉर्म राहू दे. मलाही वाटलं, उगाच पोराला ताण कशाला?"

मी विचारले, वर्गात मुले किती? ४२. परीक्षेला बसली किती? ११. पात्र ठरली किती? अकराच्या अकरा. झाला निकाल शंभर टक्के!

मैत्रिणींनो, मी जुन्या काळची बी.कॉम. नोकरी केली नाही, पण घरच्या दुकानाच्या वह्या तीस वर्षे लिहिल्या. कॉलेजात आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले होते की तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे असे समजू नका. एखादा व्यवहार वहीत मुळी लिहिलाच नसेल, तरी तेरीज जुळते. या फलकाचे तसेच आहे. बेरीज चोख, पण ३१ मुले वहीत लिहिलीच नाहीत. ४२ पैकी ११ म्हणजे सव्वीस टक्के. हा आकडा कोणी फलकावर लावणार नाही.

ही परीक्षा वाईट आहे असे मी म्हणत नाही. उलट चांगली आहे. पुण्याची राज्य परीक्षा परिषद ती घेते. एका पेपरात भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. आमच्या मुलांच्या वेळी ती चौथीला आणि सातवीला होती, २०१६-१७ मध्ये ती पाचवीला आणि आठवीला गेली. तीत कमी गुण मिळाले म्हणून कोणी वर्गात मागे राहत नाही. ज्यांना गुण मिळतात त्यांना शिष्यवृत्ती, आणि ज्यांना मिळत नाहीत त्यांचे कुठे अडते आहे ते तरी कळते. माझ्या मते दुसरा फायदा पहिल्यापेक्षा मोठा आहे.

हे मी अनुभवाने सांगते. मागच्या रविवारी मी नातवाला जवळ घेऊन जुनी प्रश्नपत्रिका सोडवायला बसवले. आरशातली प्रतिमा, आकृत्यांचा क्रम, हे त्याने माझ्या आधी सोडवले. मराठीचा उताराही नीट वाचला. भागाकार आला आणि पेन्सिल थांबली. हातचा, बाकी, सगळा गोंधळ. तिसरी-चौथीत राहून गेलेली गोष्ट पाचवी संपेपर्यंत कोणाच्या लक्षात आली नव्हती. मी विचारले, "शाळेत सराव घेतला नाही का रे?" तो म्हणाला, "तो अकरा जणांचा होता. आम्हाला तेव्हा ग्रंथालयात बसवायचे." सहज बोलला तो. मला मात्र रात्री झोप लागली नाही. ज्याला भागाकार येत नाही त्यालाच सरावातून उठवून बाजूला बसवले होते.

याच्या अगदी उलट काम 'असर'ची माणसे करतात. प्रथम ही संस्था २००५ पासून खेड्यापाड्यांत ही पाहणी करते. ही माणसे मुलांना शाळेत नाही, घरी जाऊन तपासतात. त्यामुळे हुशार मूल, कच्चे मूल, शाळा सोडलेले मूल, सगळीच मोजली जातात. २०२४ च्या पाहणीत देशभरातल्या खेड्यांत पाचवीतल्या साधारण निम्म्याच मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. आकडा लाज आणणारा आहे, पण तो सगळ्यांना धरून काढलेला आहे, म्हणून त्यावर पुढचे काम करता येते.

आपल्या तत्त्वार्थसूत्रात सत्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यातला एक कूटलेखक्रिया, म्हणजे खोटे लिहिणे. त्या फलकावर एकही आकडा खोटा नाही. पण वाचणाऱ्याला वाटावे की सारा वर्ग पात्र ठरला, अशा बेताने तो लिहिला आहे. हे कूटलेखात बसते की नाही ते पंडितजी सांगतील. माझ्या मनाला विचाराल तर बसते.

आता शिक्षकांची बाजूही बघू. माझी एक मैत्रीण निवृत्त मुख्याध्यापिका आहे. ती म्हणाली, "तुम्ही पालकच निकाल बघून प्रवेश घेता. टक्का घसरला की पुढच्या वर्षी पट घसरतो. मग बाईंनी काय करावे?" तिचे म्हणणे मला नाकारता आले नाही. फलक शाळेने लावला, पण फुले आपण टाकली.

म्हणून पुढच्या वेळी असा निकाल आला की फुले टाकण्याआधी तीन गोष्टी विचारू या. पटावर किती? बसली किती? पात्र किती? आणि आपल्या मुलाला 'यंदा राहू दे' म्हटले, तर नम्रपणे सांगू या, "बाई, गुण कमी पडले तरी चालतील. त्याला बसवा, आणि कुठे चुकला ते आम्हाला दाखवा."

कुंभोजचे भाऊराव पाटील आपल्याच समाजातले. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहात त्यांनी सगळ्या जातींची, गरीब घरांतली मुले एकत्र ठेवून शिकवली. जी बाहेर राहिली होती त्यांना आत आणून बसवणे, हेच त्यांचे काम. त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. मग आपल्या वर्गातली ३१ मुले बाहेर बसलेली आपल्याला कशी चालतात?

शेवटी माझीही एक चूक कबूल करते. आपल्या पाठशाळेत मी बारा वर्षे शिकवते आहे. दरवर्षी दशलक्षण पर्वात भक्तामर म्हणायला मी तीच चार-पाच मुले पुढे काढते, ज्यांना अठ्ठेचाळीस श्लोक खडाखडा पाठ आहेत. आईबाप खूश, मंडळ खूश, माझेही कौतुक. मागच्या रांगेतल्या मुलांना मी कधी विचारलेच नाही की तुम्हाला किती येतात. म्हणजे मीही शंभर टक्क्यांचा फलकच लावत आले.

यंदा सगळी मुले व्यासपीठावर येतील. ज्याला दोन श्लोक येतात तो दोन म्हणेल, अडखळला तर मी मागून सांगीन. कार्यक्रम जरा लांबेल. तेवढे सांभाळून घ्या.