परत न जाणारे रुमाल

हजारो एक्सएमएल दस्तऐवज एकामागून एक उघडावयाचे, प्रत्येकाचे केवळ शीर्षक टिपावयाचे आणि त्यांची सूची सिद्ध करावयाची, एवढे साधे काम एक्सएसएलटी या रूपांतरभाषेतील आज्ञावलीस सांगितले, तर प्रारंभी ती झपाट्याने चालते, पुढे मंदावते, आणि अखेर संगणकाची मेमरी संपल्याचा संदेश देऊन मध्येच थांबते. जुन्या कचेरीत एकेका नोंदीसाठी दप्तरखान्यातून मागविलेले कागदपत्रांचे रुमाल काम उरकल्यावरही परत न पाठविता मेजावरच रचीत जावे आणि कारकुनास कागद ठेवण्यापुरतीही जागा उरू नये, तसाच हा प्रकार.

याचे मूळ कोणाच्या हयगयीत नसून भाषेने दिलेल्या एका वचनात आहे, आणि ते वचन मला मोलाचे वाटते. जेम्स क्लार्क यांनी संपादिलेल्या १९९९ च्या पहिल्या आवृत्तीपासून असा दंडक आहे की, एकाच पत्त्यावरील दस्तऐवज ‘डॉक्युमेंट’ या फंक्शनद्वारे कितीही वेळा मागितला तरी तोच हाती यावा; म्हणून एकाच कामात दोन ठिकाणी दोन निराळी उत्तरे निघत नाहीत. परंतु हे वचन पाळावयाचे तर वाचलेला प्रत्येक दस्तऐवज शेवटपर्यंत जवळ बाळगणे आले, आणि मेमरीत उभारलेला त्याच्या रचनेचा वृक्ष तर बहुधा मूळ फाईलच्या कित्येक पट जागा व्यापतो.

मायकेल के यांच्या ‘सॅक्सन’ या एक्सएसएलटी आज्ञावल्या चालविणाऱ्या साधनाने ‘डिस्कार्ड-डॉक्युमेंट’ हे जादा फंक्शन देऊन यावर तोड काढली: दस्तऐवज हाती देतानाच त्याची नोंद साठ्यातून काढली जाते, आणि त्याचा वापर संपला की जागा मोकळी होऊ शकते. तोड उत्तम, पण ती भाषेची नव्हे, एका साधनाची आहे. २०१७ च्या तिसऱ्या आवृत्तीने वृक्ष न उभारता दस्तऐवज प्रवाहासारखा वाचण्याची मुभा दिली खरी, परंतु तीत पुढे सरकलेल्या मजकुराकडे मागे वळता येत नाही, आणि त्यासाठी जुनी आज्ञावली नव्याने घडवावी लागते. लहान लहान फाईलींच्या राशीसाठी एवढा खटाटोप का करावा?

माझे मागणे एवढेच की, ‘हा दस्तऐवज मी पुन्हा मागणार नाही’ असे आज्ञावलीच्या कर्त्याने लिहून देण्याची सोय खुद्द भाषेच्या प्रमाणग्रंथात असावी. वचनातून मुक्तता मागणारा तोच, परिणामांची जबाबदारीही त्याचीच. आणि असे लिहून दिलेली सूचीची आज्ञावली कोणत्याही साधनावर नेली, तरी शीर्षक टिपून होताच रुमाल दप्तरखान्यात परत जाईल.