ताट विसळू नका, खरकटं काढा

गेल्या महिन्यात ताईकडे जेवायला गेलो होतो. जेवणं आटोपली आणि ताई सिंकपाशी उभी राहिली. नळ सोडलेला, हातात घासणी. एकेक ताट घासून, विसळून ती डिशवॉशरमध्ये लावत होती. मी म्हटलं, "अगं, धुतलेलीच भांडी परत कशाला धुतेस?" ती म्हणाली, "आपल्या रश्श्याचं तेल मशीनला झेपतंय का!"

असं ऐकलं की जीव हळहळतो. घरात एवढं महागाचं यंत्र आणलं आणि घासण्याचे कष्ट मात्र तसेच राहिले. म्हणून ज्यांच्या घरी डिशवॉशर आहे, किंवा जे घ्यावं की नको या विचारात आहेत, त्यांना मनापासून चार गोष्टी सांगतो.

मुळात एक समजून घ्या. आपला हात भांडं घासतो, यंत्र घासत नाही. ते गरम पाण्याचे फवारे मारतं, पावडरीला काम करू देतं आणि वेळ देतं. अमेरिकेत जोसेफिन कॉक्रेन यांनी १८८६ साली ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्याचाही भर पाण्याच्या जोरावरच होता. यंत्राकडून हाताच्या कामाची अपेक्षा केली, की गैरसमज सुरू होतात.

पहिला गैरसमज विसळण्याचा. पावडरीतली एन्झाइम्स भाताचा स्टार्च आणि डाळीतली प्रथिनंच तोडतात, त्यामुळे ताटाला लागलेल्या वरणभाताला भिऊ नका. शितं, हाडं, कढीपत्ता, लिंबाच्या बिया एवढं काढून टाका. पाण्याचा गढूळपणा ओळखणारा सेन्सर असलेल्या यंत्रात भांडी आधीच विसळली, तर यंत्राला ती स्वच्छ वाटतात आणि ते धुलाई आवरती घेतं.

दुसरा पाण्याचा, यंत्राला पाणी जास्त लागतं हा. बरीचशी घरगुती यंत्रं एका फेरीत साधारण ९ ते १५ लीटर पाणी घेतात. खात्री करायची असेल तर आज नळाखाली बादली ठेवून भांडी घासा. ती किती वेळात भरते, ते बघून तुम्हीच ठरवा. यंत्र मात्र पूर्ण भरल्यावरच लावा. चार वाट्यांसाठी फेरी लावली तर हिशेब उलटतो.

तिसरा वेळेचा. इको प्रोग्रॅम तीन-चार तास चालतो, म्हणून विजेचं बिल वाढेल असं वाटतं. पण वीज खाते ती मुख्यतः पाणी तापवायला. इकोमध्ये पाणी कमी तापतं आणि उरलेलं काम वेळ करतो. तेलकट कढई असेल तेव्हा ७० अंशांच्या आसपासचा इंटेन्सिव्ह प्रोग्रॅम लावा.

चौथा मिठाचा, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. बोअरचं किंवा टँकरचं पाणी जड असेल तर पेल्यांवर पांढरा थर बसतो आणि आपण पावडरीला दोष देतो. पाण्यातले क्षार धरून ठेवायला यंत्रात एक खास राळ असते आणि तिला पुन्हा ताजं करायला मीठ लागतं. ते डिशवॉशरचंच हवं. जेवणातल्या मिठात आयोडीन आणि ते मोकळं राहावं म्हणून घातलेले पदार्थ असतात, ते इथे चालत नाहीत. भांड्यांचं नेहमीचं लिक्विडही कधी घालू नका. त्याचा इतका फेस होतो, की फवाऱ्याचा जोर जातो आणि पाणी बाहेर येऊ शकतं.

पाचवा गैरसमज, सगळं आत चालतं हा. बिडाचा तवा गंजतो, ॲल्युमिनियमचं पातेलं काळं पडतं, तांब्या-पितळेची झळाळी जाते. पोळपाट-लाटणं आणि लाकडी रवी फुगते, तडकते. हे सगळं हातानेच घासा. स्टील, काच आणि चिनी मातीची रोजची भांडी बिनधास्त लावा.

आता लावण्याविषयी. फवारा जिथे पोचत नाही, तिथे भांडं धुतलं जात नाही. वाट्या पालथ्या, थोड्या तिरक्या ठेवा. चमचे एकमेकांत अडकू देऊ नका. उभी ठेवलेली पळी फिरत्या फवाऱ्याच्या आड येत नाही ना, हे हाताने फिरवून बघा. आठवड्यातून एकदा तळाची जाळी काढून धुवा. भांड्यांना वास येतो तो बहुतेक वेळा तिथल्या खरकट्याचा.

आणि एक कळकळीची विनंती. यंत्र आलं तरी ते भरायचं, रिकामं करायचं काम घरातल्या बाईच्याच गळ्यात राहिलं, तर कष्टांनी फक्त जागा बदलली. जो जेवतो, त्याने आपलं ताट आत लावावं. मुलांनाही हे जमतं.

त्या रात्री ताईला म्हटलं, आज रश्श्याचं पातेलं न विसळता लाव. काळीज घट्ट करून तिने ते पालथं ठेवलं. सकाळी दार उघडून पहिलं तेच बाहेर काढलं आणि तळावरून बोट फिरवलं. बोट कोरडं होतं, तेलाचा अंशही नव्हता. तुम्हीही आज रात्री एका भांड्यापासून सुरुवात करा.