बॅरन लँड आणि आमचा माळ

द्वितीय वर्ष कला शाखेच्या विद्यार्थ्याला सर्वांत जास्त धास्ती कोणत्या विषयाची वाटते असे विचारले, तर बहुतेकजण सक्तीच्या इंग्रजीचे नाव घेतील. त्या पेपराला या वर्षी पर्यावरणविषयक शब्दसंग्रह नेमलेला आहे. समानार्थी शब्द, जोड्या लावा, एका शब्दापासून दुसरा शब्द तयार करा आणि शेवटी एक निबंध. परीक्षा जवळ आली की ग्रंथालयात, एस.टी.त, वसतिगृहाच्या गच्चीवर एकच घोष ऐकू येतो : ड्रॉट म्हणजे अवर्षण, सॉइल इरोजन म्हणजे मृदेची धूप, डिफॉरेस्टेशन म्हणजे निर्वनीकरण. पेपर संपला की आठ दिवसांत यांतले निम्मे शब्द डोक्यातून गेलेले असतात. असे का व्हावे, याचा विचार आपण विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनीही करावा, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथमच सांगतो, माझा इंग्रजीला विरोध नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. इंग्रजी आले नाही तर कोणकोणती दारे बंद होतात, हे माझ्यासारख्याला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. माझे म्हणणे एवढेच की, पर्यावरणाचे शब्द आपल्याला ज्या रीतीने शिकवले जातात, त्या रीतीत आपल्याला आधीपासून जे ठाऊक आहे ते वर्गाच्या बाहेर ठेवले जाते.

मी माणदेशातला. वडील मेंढरे राखतात, थोडी कोरडवाहू जमीन आहे. आमच्याकडे पहिल्या मोठ्या पावसात शेताची ताल फुटते आणि सगळी माती ओढ्याला जाते. मग बैल, खोरी, पाट्या घेऊन सारे घर ताल घालायला लागते. हेच सॉइल इरोजन आणि हेच सॉइल कॉन्झर्व्हेशन. पण गाईडमध्ये त्यांच्यापुढे ‘मृदेची धूप’ आणि ‘मृदासंधारण’ असे छापलेले असते. ‘मृदा’ हा शब्द आमच्या घरात कधी कुणी उच्चारलेला नाही. म्हणजे खेड्यातल्या मुलाला एका परक्या शब्दासाठी दुसरा परका शब्द पाठ करावा लागतो. दोन अनोळखी माणसांनी एकमेकांची ओळख करून द्यावी, तसा हा प्रकार आहे.

‘पर्कोलेशन’ या शब्दाचेच पहा. स्पेलिंग अवघड म्हणून सगळे त्याला घाबरतात. पण दुष्काळी भागातल्या प्रत्येक मुलाने पाझर तलाव पाहिलेला असतो. तलावात पाणी साठले की खालच्या अंगाच्या विहिरींचे पाणी वाढते, हे त्याला ठाऊक असते. पाझर तलावालाच इंग्रजीत पर्कोलेशन टँक म्हणतात आणि त्या शब्दाच्या मुळाशी गाळण्याचा अर्थ असलेला लॅटिन शब्द आहे, एवढे वर्गात सांगितले तर तो शब्द जन्मभर विसरणार नाही. ‘इकॉलॉजी’ हा शब्द जर्मन शास्त्रज्ञ हेकेल यांनी १८६६ साली तयार केला. त्याच्या पोटात घर या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. जो शब्द मुळात घराविषयी आहे, तो शिकताना आपले घर मात्र आठवायचे नाही, असा आपला शिरस्ता झाला आहे.

हा प्रश्न केवळ पाठांतराच्या सोयीचा नाही. शब्दांबरोबर निवाडाही येतो, आणि तो आपण न तपासता पाठ करतो. ‘बॅरन लँड म्हणजे नापीक जमीन, वेस्टलँड म्हणजे पडीक, निरुपयोगी जमीन’ असे आम्ही लिहितो आणि गुण मिळवतो. पण ज्या माळाला हे शब्द लावले जातात, त्या माळावर कुसळी आणि पवन्या उगवते, तरवड असतो, होले असतात, खोकड असते, आणि आमच्यासारख्यांची मेंढरे त्यावरच जगतात. हीच मेंढरे उन्हाळ्यात बागायतदार आपल्या रानात बसवून घेतात, कारण त्यांच्या लेंड्यांनी जमिनीला खत मिळते. सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या परिसरात १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाले. ज्या पक्ष्याच्या नावातच माळ आहे, त्याचा माळ निरुपयोगी कसा? कागदावर एकदा ‘निरुपयोगी’ असे लिहिले गेले की ती जमीन कुणाला तरी देऊन टाकणे फार सोपे होते. तेव्हा या शब्दाचा अर्थ पाठ करताना ‘कुणाला निरुपयोगी?’ एवढा प्रश्न तरी वर्गात विचारला गेला पाहिजे.

समानार्थी शब्दांचेही तसेच. फॅमिन, ड्रॉट, स्कॅर्सिटी हे शब्द आम्ही एकाच ओळीत पाठ करतो. पण १९६३ साली आपल्या राज्याने एक कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून ‘फॅमिन’ हा शब्दच वगळला आणि तेथे ‘स्कॅर्सिटी’ हा शब्द घातला. म्हणजे दुष्काळ गेला आणि टंचाई आली! त्यानंतर नऊ वर्षांनी १९७२ चा दुष्काळ पडला. खडी फोडायला गेलेली माणसे, कामावर मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेली मिलो यांच्या गोष्टी आमच्या भागातली म्हातारी माणसे अजून सांगतात. त्यांतले कुणीही त्या वर्षाला ‘टंचाई’ म्हणत नाही. त्याच अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो लागू झाला. तीन शब्दांतला हा फरक ज्याला कळला, त्याला इंग्रजीही कळले आणि आपल्या राज्याचा इतिहासही कळला. जोड्या लावून यांतले काय हाती लागते?

अर्थात, आपला तेवढा शब्द शहाणा आणि इंग्रजी तेवढा वाईट, असे मी म्हणत नाही. उलटेही घडते. आमच्याकडे ‘जमीन पाणथळ झाली’ म्हणजे वाया गेली. ‘वेटलँड’ हा शब्द शिकल्यावर मला समजले की अशा जागा पक्ष्यांना, माशांना, भूजलाला आधार देतात. १९७१ साली रामसर येथे त्यांच्या रक्षणासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला आणि पुढे नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरला त्या यादीत स्थान मिळाले. येथे इंग्रजी शब्दाने मला माझ्याच शब्दाकडे नव्याने बघायला लावले. भाषा शिकण्याचा खरा लाभ हाच नव्हे काय? पण तो लाभ दोन्ही शब्द समोरासमोर ठेवले तरच होतो.

यावर काही प्राध्यापक म्हणतील की, अभ्यासक्रम मोठा, तासिका थोड्या आणि वर्गात शंभर मुले. गावोगावच्या शब्दांची चर्चा करीत बसलो तर पेपर कसा पुरा व्हायचा? ही अडचण खरी आहे. पण आज जे चालले आहे, त्याची किंमतही पहावी. माझा एक चुलतभाऊ बारावीला इंग्रजीत दोनदा राहिला आणि त्याने शिक्षण सोडले. आज तो पोकलेन चालवतो. ओढ्यांचे खोलीकरण, शेततळी, बंधारे ही त्याची रोजची कामे. कोणत्या उतारावरचे पाणी कुठे येईल आणि कुठे अडवले तर मुरेल, हे तो नुसते बघून सांगतो. ‘वॉटरशेड’ या विषयावर त्याला एक तास बोलता येईल. पण कागदावर तो शब्द लिहिता आला नाही म्हणून आपल्या शिक्षणाने त्याला अडाणी ठरवले. अशी मुले प्रत्येक गावात आहेत.

म्हणून माझी सूचना साधी आहे. इंग्रजीच्या प्रत्येक तुकडीने तीन रकान्यांची एक वही ठेवावी. पहिल्या रकान्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात पुस्तकी मराठी शब्द आणि तिसऱ्यात आपापल्या घरी, रानात, बाजारात चालणारा शब्द, गावाच्या नावासह. कोकणातून आलेल्या मित्राने ‘मँग्रोव्ह’पुढे तिवर लिहावे, शहरातल्या मैत्रिणीने ‘सॉलिड वेस्ट’पुढे तिच्या वस्तीतला शब्द लिहावा. ज्या शब्दाला तिसऱ्या रकान्यात काही सापडणार नाही, तो खरा नवा शब्द. त्यावर वर्गात जास्त वेळ द्यावा. यामुळे वेळ वाचेलच, वाया जाणार नाही. निबंधातही ‘ग्लोबल वॉर्मिंग’वरची गाईडमधली पंधरा वाक्ये उतरवण्यापेक्षा स्वतःच्या गावच्या ओढ्यावर मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलेल्या सात वाक्यांना परीक्षकांनी अधिक गुण द्यावेत. चुका होतील, त्या लाल शाईने जरूर दाखवाव्यात.

आणि मित्रमैत्रिणींनो, ही वही सुरू करायला कुणाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. शंभर पानी वही पुरेशी आहे. तिसऱ्या रकान्याचे शब्द मात्र ग्रंथालयात मिळणार नाहीत. ते सुट्टीत घरी जाऊन, वडीलधाऱ्या माणसांजवळ बसून विचारून घ्यावे लागतील. आमची पिढी शिकून बाहेर पडली की ते सांगणारे आणि ऐकणारे, दोन्ही कमी होणार आहेत.