माळवद पाडायचं की जपायचं?



२०२४ साली २१ मार्चला आणि पुन्हा १० जुलैला सकाळी आपल्या हिंगोली जिल्ह्यात जमीन हलली. दोन्ही वेळा धक्का ४.५ तीव्रतेचा होता. तेव्हापासून ज्यांच्या गावाकडे माळवदाचा जुना वाडा आहे, त्यांच्या घरी एकच विषय निघतो: पाडून टाका आणि स्लॅब घाला. आमच्या सासरीही तोच विषय सुरू आहे. मला मात्र वाटतं, पाडायच्या आधी आपण बायकांनी दोन गोष्टी बोलल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट, हे घर काय आहे ते. बाहेरून मातीची आणि दगडाची जाड भिंत, रस्त्याकडे खिडकी जवळजवळ नाहीच. आत शिरताना ढाळज, मग चौक, चौकाभोवती ओसरी आणि मागे माजघर. सगळा भार सागवानी खांबांवर. खांबांवर तुळया, तुळयांवर किलचन, त्यावर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा थर. गावठाणाच्या जुन्या पांढरीची ती माती ओली झाली की आवळून बसते आणि पाणी खाली उतरू देत नाही. मे महिन्यात बाहेर अंगाची लाही होते, तेव्हा माजघरात गारवा असतो तो या जाडीमुळे.

हे घर शेतकऱ्याचं, म्हणून त्याची रचनाही धान्याभोवती आहे. भिंतीला लागून बांधलेल्या बळदात वर्षाची ज्वारी, छताला उजेडासाठी सवणं. आपल्या घरांत तर सवण्यातून येणारा उजेड सरकला की स्वयंपाक आवरता घ्यायचा, म्हणजे दिवस असताना जेवणं होतात. पाणी गाळायला आडाजवळच जागा, म्हणजे जिवाणी तिथल्या तिथे परत सोडता येते. आपला आचार त्या घरात वेगळा सांभाळावा लागत नव्हता, घरच तो सांभाळत होतं.

अशी घरं सरकार जपतं का? क्वचित. सातारा जिल्ह्यात नायगावला खंडोजी नेवसे पाटलांचं घर आहे. ३ जानेवारी १८३१ रोजी तिथे सावित्रीबाई फुले जन्मल्या आणि म्हणून ते घर राज्य संरक्षित स्मारक झालं. मला त्याचा आनंदच आहे. पण थोर व्यक्ती जन्मली तरच शेतकऱ्याचं घर जपण्यालायक ठरतं, हे काही पटत नाही. आपल्या जिल्ह्यात औंढ्याचं नागनाथ मंदिर आहे, नामदेव महाराजांचं नर्सी आहे, शिरड शहापूरला आपल्या मल्लिनाथ भगवंतांचं मंदिर आहे. देवळांना भाविक आहेत, वर्गणी आहे. वाड्यांना कोण आहे? जो तो आपापला.

दुसरी गोष्ट किल्लारीची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिवकडे हजारो माणसं अशाच मातीदगडाच्या घरांखाली गेली. ते विसरून 'आमचा वाडा, आमचा वारसा' म्हणणं मला जमणार नाही. मुंगीचाही विचार करणाऱ्या घरात पोरंबाळं धोक्याखाली झोपवून कसला वारसा जपायचा?

पण किल्लारीत दोष नेमका कुठे होता, हेही पाहायला हवं. छत गळलं की पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची, जुनी काढायची नाही. पिढ्यान्‌पिढ्या असं करत छतावर फूट-दोन फूट माती साचली. भिंती बाहेरून एक थर, आतून एक थर, आणि दोघांना धरून ठेवणारे आरपार दगड नाहीत. जमीन हलली तशा भिंती फुटल्या. सागाचे खांब मात्र कित्येक ठिकाणी उभे राहिले. त्यानंतर झालेल्या पुनर्वसनात नुसती नवी घरं बांधली नाहीत, जुनी घरं मजबूत करण्याचंही काम झालं.

म्हणून माझं मत असं आहे. वाडा जपायचा असेल तर माती टाकून नाही, माती काढून जपावा लागेल. छतावरचा भार कमी करायचा, पाणी अडवायला मातीखाली प्लास्टिकचा जाड कागद घालायचा, भिंतीत आरपार दगड बसवायचे, खांब आणि तुळईच्या जोडाला तिरके आधार द्यायचे. हे जाणकार अभियंत्याला दाखवूनच करायचं, गवंड्याच्या अंदाजावर नाही. तोवर त्या छताखाली कुणी झोपायचं नाही. आणि अभियंता म्हणाला की हे घर वाचत नाही, तर हट्ट सोडायचा. पण पाडण्याआधी मापं घ्यायची, फोटो काढायचे, कोणत्या खोलीत काय होत होतं ते सासूबाईंना विचारून लिहून ठेवायचं. सागाचा व्यापारी दारात उभा राहिल्यावर हे सुचत नाही.

शेवटचं जरा स्पष्ट बोलते. बैठकीत 'वाडा राहिलाच पाहिजे' म्हणणारे बहुतेक पुरुष शहरात राहतात. सारवण, पोतेरा, बळद झाडणं, पावसात गळतीखाली भांडी मांडणं हे सगळं आजवर बायकांनी केलं. ते पुढे कोण करणार, मजुरी कोण देणार, हे ठरल्याशिवाय माझा होकार नाही. घरात आम्ही तेच सांगितलंय: दिवाळीला सगळे आले की आधी अभियंत्याचा खर्च वाटून घ्या, मग वारशावर बोलू.

तुमच्याकडे कुणी माळवदाची अशी दुरुस्ती करून घेतली असेल, तर किती खर्च आला आणि किती माती निघाली ते जरूर कळवा. आमच्या बैठकीत ते फार कामाला येईल.