शिंजी मोठा झाला, बॉस!

आवडत्या सीरियलचा रीमेक म्हटला की आपल्या पोटात गोळाच येतो. त्यातून ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’! १९९५-९६ मध्ये जपानी टीव्हीवर आलेले २६ भाग, मी पाहिले कॉलेजात, मित्राच्या सीडीवर. बापानं महाकाय रोबोत बसायला बोलावलेला १४ वर्षांचा, भेदरलेला शिंजी तेव्हा अगदी आपला वाटायचा.

दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांनीच २००७ पासून ही गोष्ट चार सिनेमांत पुन्हा सांगितली. पहिला बराचसा जुनाच, फक्त चकाचक. तिसऱ्यात (२०१२) कथा १४ वर्षं पुढे उडी मारते, शिंजी मात्र तेवढाच! जाम वैतागलो होतो.

चौथा आला २०२१ मध्ये. त्यात शिंजीचा वर्गमित्र तोजी गावचा डॉक्टर झालाय, बायको आहे, तान्ही मुलगी आहे. शिंजी कोपऱ्यात गप्प, आणि तोजी त्याला सावरायला वेळ देतो. रोबोंच्या मारामाऱ्यांपेक्षा हाच भाग मला भिडला. शेवटी सूट घातलेला, मोठा झालेला शिंजी आन्नोंच्याच उबे गावातल्या स्टेशनातून धावत बाहेर पडतो.

परवा जुने भाग पुन्हा लावले. आता लक्ष जातं मिसातोकडे. वय २९, अंगावर जबाबदारी, फ्रिजमध्ये बियरच बियर. पूर्वी ही बाई मला केवढी मोठी वाटायची!