खेळाडू मुलांची झोप

जो कमी झोपतो तो अधिक मिळवितो, अशी आपल्या व्यापारी वर्गात जुनी समजूत आहे. आम्ही स्वतः मॅट्रिक होऊन गादीवर बसलो तेव्हापासून पहाटे चारला धान्याच्या मोटारी उतरवून घेत आलो आणि रात्री अकराला रोजमेळ जुळवून उठत आलो. या जागरणाचा अभिमान आम्ही चारचौघांत पुष्कळ मिरविला. तोच अभिमान आपण नातवंडांच्या माथी मारीत आहोत, हे मात्र फार उशिरा ध्यानात आले.

आमचा नातू विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात खेळतो. पहाटे साडेपाचला सराव, मग वर्ग, सायंकाळी पुन्हा सराव, रात्री उशिरा जेवण आणि त्यापुढे एक-दोन वाजेपर्यंत अभ्यास व मोबाइल. दिवाळीस घरी आला तो तीन दिवस नुसता झोपून राहिला. आम्ही त्यास आळशी म्हणालो. पुढे त्याचा घोटा दुखावला. त्याचे कारण जागरणच, असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याच्या शिक्षकांपाशी झोपेचा विषय काढला, तेव्हा ते नुसते हसले. ते हसणे आम्हांस बोचले, कारण दिवाळीत आम्हीही तसेच हसलो होतो.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात चेरी माह या संशोधिकेने बास्केटबॉलच्या 11 खेळाडूंवर केलेला प्रयोग 2011 साली प्रसिद्ध झाला. पाच ते सात आठवडे रोज रात्री निदान दहा तास अंथरुणावर राहावे, असे त्यांना सांगितले होते. त्यांची झोप सुमारे पावणेदोन तासांनी वाढली. 282 फुटांची धाव 16.2 सेकंदांवरून 15.5 वर आली. दहा मुक्त फेकींपैकी सरासरी 7.9 साधत, त्या 8.8 साधू लागल्या. खुराक वाढविला नव्हता की नवे बूट आणले नव्हते! अर्थात अकरा जणच, आणि तुलनेसाठी दुसरा गट नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, पण मूठभर दाण्यांवरून सबंध वखारीचा भाव कोणी ठरवीत नाही, हे आम्हांस कळते. तथापि नमुना चांगला निघाला असता पोते उघडून पाहूच नये, हा कोणता व्यवहार?

विशीच्या आतबाहेरील मुलांस रात्री उशिराच झोप येते. हा त्यांच्या शरीरातील घड्याळाचा धर्म आहे, सर्वस्वी उनाडपणा नव्हे. त्यात मोबाइल आणि रात्रीचा चहा भर घालतात, हे खरे. पण झोप उशिरा आणि सराव पहाटे, म्हणजे मधला वेळ बुडीत खाती गेला. शरीराची झीज भरून काढणारे वाढीचे द्रव्य गाढ झोपेतच अधिक स्रवते, हे पाहता ही बूड लहान नाही.

आपल्या मंडळाच्या वसतिगृहात खेळाडू मुलांच्या दुधाची व्यवस्था आहे, झोपेची नाही. पहाटे पाचची घंटा सर्वांसाठी वाजते. रात्री सामना खेळून आलेल्या मुलास तीतून सूट असावी, त्याची खोली रस्त्याच्या बाजूस नसावी आणि खिडक्यांस जाड पडदे असावेत, असा ठराव आम्ही येत्या वार्षिक सभेत मांडणार आहोत. खजिनदार खर्चाचा प्रश्न काढतील. पडद्यांची रक्कम आमच्या खाती नावे टाकावी.