चित्रे तयार आहेत, गोष्ट लिहा

मुलांकडून संगणकावर सचित्र गोष्टी करवून घेण्याचा परिपाठ शाळांत आणि सुटीतल्या शिबिरांत आता चांगलाच रुळला आहे. पडद्यावर चित्रांचा संग्रह उघडायचा, त्यातली चार-सहा चित्रे निवडायची, प्रत्येकाखाली दोन ओळी टाकायच्या, की तासाभरात पुस्तक तयार. मुखपृष्ठावर मुलाचे नाव लेखक म्हणून झळकते, पालक हरखतात, शाळेच्या अहवालात 'सर्जनशील उपक्रम' या मथळ्याखाली एक ओळ वाढते. या पुस्तकांना मुलांनी निर्माण केलेले साहित्य म्हणण्यास आमची हरकत आहे. ती यंत्राच्या भयातून आलेली नाही हे आधीच सांगितलेले बरे. कारण असे काही म्हटले, की 'मग पाटी-पेन्सिल परत आणायची काय?' हा प्रश्न ठरलेला असतो.

२००९ साली आलेल्या 'स्टोरीबर्ड'ने हा क्रम लोकप्रिय केला: व्यावसायिक चित्रकारांची देखणी चित्रे आधी, मजकूर नंतर. आपल्याकडे ८ सप्टेंबर २०१५ रोजी 'प्रथम बुक्स'ने 'स्टोरीवीव्हर' सुरू केले. तिथल्या गोष्टी कोणालाही मुक्त परवान्याखाली वाचता येतात, उतरवून घेता येतात, दुसऱ्या भाषेत नेता येतात आणि तिथल्या चित्रांवरून नवी गोष्टही रचता येते. आज तिथे तीनशेहून अधिक भाषांतली पुस्तके आहेत. ज्या भाषेत मुलासाठी छापील पुस्तक मिळणे दुरापास्त, तिच्यात एक जरी गोष्ट अशी हाती आली तरी ते मोठेच काम आहे. ग्रंथालय म्हणून या उपक्रमाचे ऋण आम्ही मानतो. परंतु ग्रंथालयाच्या कपाटातली चित्रे काढून मुलापुढे ठेवली आणि 'आता लिही' म्हटले, म्हणजे लेखनाची शाळा सुरू झाली असे होत नाही.

समजा, सात वर्षांच्या एका मुलीला सांगायचे आहे की बकरीने बापाची छत्री खाल्ली आणि बाप आधी हसला, मग चिडला. चित्रसंग्रहात ती शोधू लागते. बकरी मिळते, छत्रीही मिळते. पण बकरीच्या तोंडातली छत्री मिळत नाही. बाप मिळतो तो शर्ट-पँटीतला, हसरा आणि भलत्याच चित्रकाराच्या हातचा. हसून झाल्यावर चिडलेला बाप तर कुठल्याच संग्रहात नसतो. मग गोष्ट होते ती अशी: एक बकरी होती, तिला छत्री मिळाली, पाऊस आला, बकरी भिजली नाही. चित्रे सुंदर, भाषा शुद्ध, शेवट गोड. मुलीला जे सांगायचे होते ते मात्र गेले, आणि ते गेले याची वर्गात कोणाला खबरही नाही. सांगण्याजोगी गोष्ट म्हणजे ज्याचे चित्र सापडते ती, असा धडा मात्र तिला मिळाला.

हीच मुलगी कागदावर काय करील? बापाला दोन तोंडे काढील. किंवा एकाच कागदावर दोन बाप काढील, एक हसरा, एक रागावलेला. बकरीच्या पोटातली छत्री आपल्याला आरपार दिसेल, आणि बकरी बापापेक्षा मोठी असेल, कारण त्या दिवशी ती होतीच मोठी. जॉर्ज-आन्री ल्युके या फ्रेंच अभ्यासकाने १९२७ साली बालचित्रांवरच्या आपल्या ग्रंथात याला बौद्धिक वास्तववाद म्हटले: मूल दिसते ते काढत नाही, ठाऊक असते ते काढते. पाठोपाठच्या घटना एकाच चित्रात मांडण्याच्या मुलांच्या रीतींचीही त्याने दखल घेतली होती. अजिंठ्याच्या भिंतीवर एकच पात्र एकाच दृश्यपटात पुन्हापुन्हा आलेले दिसले की आम्ही त्यावर व्याख्याने देतो. मुलाच्या कागदावर तेच दिसले की 'नीट काढ' म्हणतो. तेव्हा मुलाचे चित्र हे गोष्टीचे सुशोभन नसते. तो कथनाचाच अर्धा भाग असतो, आणि पुष्कळदा शब्दांआधी सुचलेला. चित्र बाहेरून आणले की गोष्टीचा हा अर्धा भाग कापला जातो आणि मूल चित्राखाली ओळ लिहिणारा कारकून उरते.

यावर एक चांगला आक्षेप संभवतो. तयार चित्रांवरून गोष्ट सांगणे ही तर आपलीच परंपरा. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी दुसरे काय करतात? आक्षेप खरा आहे, पण तो आमच्या बाजूने जातो. पिंगुळीची पोथी म्हणजे एका आख्यानासाठी काढलेल्या आणि एकत्र बांधलेल्या चित्रांचा संच. त्यातला राम पुढच्या पानावर अनोळखी होत नाही. सांगणाऱ्याला आख्यान पाठ असते, आणि चित्र त्या आख्यानासाठी असते. आमच्या संगणकवर्गात आख्यान असते मुलीजवळ आणि चित्र असते दुसऱ्याच कोणत्यातरी गोष्टीचे.

शिक्षकाचे काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवत होत्या. परक्या जगाची वाचनपुस्तके मुलांना लागू पडत नाहीत हे पाहून त्या प्रत्येक मुलाला त्याचा शब्द विचारीत आणि तो कार्डावर लिहून त्यालाच देत. भीतीचे आणि मायेचे शब्द त्यातून वर येत. 'टीचर' हे त्यांचे पुस्तक १९६३ सालचे. पुढे शिकागोत व्हिव्हियन पेली मुले सांगतील ती गोष्ट मुलांच्याच शब्दांत उतरवून घेत आणि वर्गात तिचे नाटक होई. दोघींनीही प्रौढाला दिलेले काम एकच: ऐकणे आणि लिहून घेणे. तयार चित्रांच्या वर्गात प्रौढ ऐकत नाही. तो टिचकी कुठे मारायची ते दाखवतो आणि जाताजाता 'खाल्लीन्'चे 'खाल्ली' करतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने 'जेमिनाय'मध्ये 'स्टोरीबुक' आणले आणि हा प्रवास पुढल्या मुक्कामी पोहोचला. एका वाक्यात कल्पना सांगायची, की दहा पानांचे सचित्र पुस्तक तयार, वर वाचून दाखवायला आवाजही. मुलाने काढलेल्या चित्राचा फोटो द्या, त्यावरून गोष्ट मिळेल, असेही कंपनीने सुचवले आहे. म्हणजे दोन तोंडांचा बाप कच्चा माल म्हणून आत जाणार आणि बाहेर येताना त्याला एकच, नेटके, हसरे तोंड असणार. चित्रसंग्रहाने निदान लिहिण्याचे कष्ट तरी मुलाकडे ठेवले होते.

या साऱ्यात आम्हा साहित्य शिकवणाऱ्यांचा संबंध काय, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. मराठीत बालपुस्तकांच्या परीक्षणात चित्रांच्या वाट्याला बहुधा एकच वाक्य येते, 'चित्रे सुबक आहेत' हे. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिकेने शब्द आणि रेषा एकाच हाताने चालवून दाखवल्या, तरी त्या दोहोंच्या नात्याविषयी बोलण्याची भाषा आमच्या समीक्षेने फारशी कमावली नाही. लेखकाच्या मृत्यूवर आम्ही सत्रेच्या सत्रे शिकवतो. सातव्या वर्षी लेखक जन्मतो कसा, हे पाहायला आम्हाला सवड नाही. मग चित्र हा केवळ पुरवठ्याचा प्रश्न आहे, असे शाळांना वाटले तर दोष एकट्या शाळांचा नव्हे.

साधन वापरूच नये, असे आमचे म्हणणे नाही. 'बुक क्रिएटर'सारख्या साधनात कोरे पान असते, बोटाने रेघ मारता येते, मुलाचा आवाज त्याच्याच बोलीत पानाला जोडता येतो. आमची मागणी क्रमाची आहे. आधी जुन्या कॅलेंडरांची पाठ आणि खडू. मग मूल सांगेल ते, सांगेल तसे, शिक्षकाने उतरवून घेणे. मग हवे तर त्या कागदांचे फोटो काढून पुस्तक बांधणे. पाने वाकडी येतील, बकरी बापाहून मोठी दिसेल, आणि 'खाल्लीन्' तसेच राहील. असे पुस्तक शाळेच्या प्रदर्शनात मांडायचे धाडस होत नसेल, तर संग्रहातल्या चित्रांचे खुशाल मांडावे. मात्र मुखपृष्ठावर मुलीच्या नावाआधी 'ओळी' असे छापावे, 'लेखन' असे नव्हे.